टॅबवरून ऑफिसचं काम करताना कनेक्शन सारखं तुटतं? आधी किती मिनिटांनी तुटतं ते बघा

दर महिन्याच्या १० आणि १९ तारखेला माझा फोन सकाळपासून वाजतो. ११ ला जीएसटीआर-१ आणि २० ला जीएसटीआर-३बी ही जीएसटीची मासिक विवरणपत्रं भरायची मुदत संपते. नागपुरात मी ज्या छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळतो, त्यांतली निम्मी सीए, कर सल्लागार नाहीतर इतवारीतल्या व्यापाऱ्यांची आहेत. तिथल्या बऱ्याच जणांनी घरून काम करायला लॅपटॉप न घेता टॅब घेतला. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर असलेला कॉम्प्युटर ऑफिसातच असतो, घरी फक्त त्याचा पडदा दिसला की झालं. टॅबला कीबोर्ड आणि माउस जोडला की तेवढं काम नीट होतं आणि पैसेही वाचतात.

आणि मग फोन येतो. मानेवाड्याहून, हुडकेश्वरहून, वाडीहून, वाक्य एकच: "भाऊ, पुन्हा तुटून राहिलं ना ते."

हा एकच बिघाड मी इतक्या वेळा दुरुस्त केला आहे की आता पहिला प्रश्न ठरलेला आहे: किती मिनिटांनी तुटतं? नव्वद टक्के लोकांकडे याचं उत्तर नसतं. ते म्हणतात, "नेटच खराब आहे." नेट खराब असेलही. पण टॅबवरून ऑफिसपर्यंत पाच कड्या आहेत: टॅब, घरचं वाय-फाय, घरापर्यंत आलेली फायबरची लाइन, व्हीपीएन (इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये नेणारी सुरक्षित वाट) किंवा रिमोट ॲपचा (ऑफिसचा पडदा टॅबवर दाखवणाऱ्या ॲपचा) सर्व्हर, आणि ऑफिसातला कॉम्प्युटर. प्रत्येक कडी आपल्या पद्धतीने आणि आपल्या वेळेला तुटते. वेळ कळली की कोणती कडी तुटते आहे ते बहुतेक वेळा घरबसल्या कळतं.

लक्षणं

यांपैकी तुमचं कोणतं, ते आधी ठरवा.

ॲप बदललं की तुटतं. ओटीपी बघायला मेसेज उघडला, व्हॉट्सॲपवर पार्टीचं बिल बघितलं आणि परत आलात तर पडद्यावर 'रीकनेक्टिंग' फिरत असतं. हे सगळ्यात जास्त आढळतं, आणि याचा नेटशी काही संबंध नसतो.

हात न लावता ठरावीक मिनिटांनी तुटतं. ५, १०, १५, ३०, दर वेळी तोच आकडा. ही कुठेतरी लावलेली मर्यादा असते, टॅबमध्ये नाहीतर ऑफिसच्या बाजूला.

कधी दोन मिनिटांनी, कधी तासाने. तुटण्याआधी माउस अडखळतो, अक्षरं उशिरा उमटतात. हे बहुधा वाय-फाय.

फक्त दुपारी, साधारण १ ते ५ मध्ये, आणि एप्रिल ते जून. टॅब तापतो आहे.

लाइन, म्हणजे वीज, जाते तेव्हा. इन्व्हर्टर असूनही.

रोज घड्याळातल्या एकाच वेळी, म्हणजे संध्याकाळी सात वाजता किंवा रात्री आठच्या सुमारास. ऑफिसात त्या वेळी काय होतं ते विचारा.

व्हीपीएन 'कनेक्टेड' म्हणतं, पण काळा पडदा येतो किंवा ऑफिसचा कॉम्प्युटर सापडतच नाही. हे खरं तर तुटणं नव्हे, ते जोडलंच गेलेलं नसतं. याची कारणं वेगळी आहेत, शेवटी सांगतो.

दोन दिवस एक कागद टॅबशेजारी ठेवा. जोडल्याची वेळ, तुटल्याची वेळ, त्या क्षणी तुम्ही काय करत होता आणि घरात काय चालू झालं किंवा बंद झालं, एवढंच लिहा. दहा नोंदी झाल्या की चित्र दिसायला लागतं. हा कागद असला तर माझं काम अर्ध्या तासात होतं. नसला तर मला तुमच्या घरी बसून तुटायची वाट बघावी लागते.

पहिली तपासणी, फुकटची: टॅब ॲपला झोपवतो का

लॅपटॉप आणि टॅब यांत सगळ्यात मोठा फरक इथे आहे, म्हणून यावर वेळ घालवा. लॅपटॉपवर खिडकी मागे गेली तरी तो प्रोग्राम चालूच राहतो. टॅब फोनच्या घराण्यातला आहे. बॅटरी वाचवण्यासाठी तो समोर नसलेल्या ॲपला थांबवतो. अँड्रॉइडमध्ये ही व्यवस्था २०१५ मधल्या ६.० आवृत्तीपासून आहे आणि कंपन्यांनी त्यावर आपापले आणखी कडक नियम चढवले आहेत. आयपॅडवरही रिमोट ॲप मागे गेलं की थोड्या वेळात गोठतं. ॲप गोठलं की ते ऑफिसच्या कॉम्प्युटरला उत्तर देत नाही, आणि उत्तर न आल्यामुळे समोरचा जोडणी सोडून देतो.

अँड्रॉइड टॅब असेल तर सेटिंग्जमध्ये ॲप्स, तिथे तुमचं रिमोट ॲप, त्यात बॅटरी, आणि तिथे 'अनरिस्ट्रिक्टेड' निवडा. व्हीपीएनचं ॲप वेगळं असेल तर त्यालाही हेच करा. लोक एकालाच करतात आणि मग म्हणतात फरक पडला नाही. सॅमसंगमध्ये बॅटरीच्या पानावर झोपणाऱ्या ॲपच्या याद्या असतात, त्यांतल्या नावात 'नेव्हर' असलेल्या यादीत ही दोन्ही ॲप टाका. शाओमीमध्ये 'नो रिस्ट्रिक्शन्स' आणि 'ऑटोस्टार्ट' ही दोन वेगळी बटणं आहेत, दोन्ही लागतात. डेटा सेव्हर चालू असेल तर बंद करा. मोठा सॉफ्टवेअर अपडेट झाला की हे सगळं पुन्हा एकदा बघा, मी कित्येक टॅबवर या सेटिंग्ज मूळपदावर गेलेल्या पाहिल्या आहेत.

पडदा बंद व्हायची वेळही तपासा. आयपॅडवर 'डिस्प्ले अँड ब्राइटनेस'मध्ये 'ऑटो-लॉक' असतं, तिथे २, ५, १०, १५ मिनिटं आणि 'नेव्हर' असे पर्याय मिळतात. तुमच्या कागदावर जो आकडा पुन्हा पुन्हा आला आहे तोच इथे दिसला तर शोध संपला. काम चालू असताना 'नेव्हर' ठेवा, काम संपलं की परत ५ वर आणा. ऑफिसचा हिशेब उघडा असलेला टॅब घरात उघडा पडू नये.

आयपॅडवर मात्र मागच्या ॲपला पूर्ण मोकळीक देणारी सेटिंग नाही. तिथे उपाय असा की ओटीपी आणि व्हॉट्सॲप फोनवरच बघायचं, टॅबवर फक्त काम. किंवा पडदा विभागून दोन्ही ॲप समोर ठेवायची, कारण डोळ्यांसमोर असलेलं ॲप थांबवलं जात नाही. त्रिमूर्तीनगरच्या एका ताईंचा आयपॅड मी तीनदा तपासला होता. चौथ्यांदा शेजारी बसून बघितलं तेव्हा कळलं, त्या दर नोंदीनंतर बिलाचा फोटो बघायला दुसऱ्या ॲपमध्ये जात होत्या. फोटो फोनवर बघायला लागल्या आणि त्रास थांबला. त्या तीन भेटींचे पैसे मी परत केले, कारण पहिल्याच दिवशी मी त्यांना काम करताना बघायला हवं होतं.

दुसरी, दोन मिनिटांची: घड्याळ आणि ॲपची आवृत्ती

टॅबची तारीख-वेळ 'ऑटोमॅटिक' असू द्या. ऑथेंटिकेटरचे सहा आकडी कोड साधारणपणे दर ३० सेकंदांनी बदलतात आणि ते घड्याळावरूनच तयार होतात. घड्याळ दोन-तीन मिनिटं पुढे-मागे असेल तर बरोबर कोडही नाकारला जातो. ऑफिसात विंडोजचं डोमेन (सगळ्यांचं लॉगिन एकाच सर्व्हरवरून तपासणारी व्यवस्था) असेल तर तिथे टॅबच्या आणि ऑफिसच्या घड्याळांत ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही. पासवर्ड बरोबर असून आत घेत नाही, अशी तक्रार असली की मी आधी घड्याळ बघतो.

रिमोट ॲप अपडेट करा, टॅबमध्ये दोन-तीन जीबी जागा रिकामी ठेवा आणि टॅब एकदा पूर्ण बंद करून चालू करा. मोफत आवृत्ती वापरत असाल तर तिच्या अटी वाचा. काही रिमोट ॲपची मोफत आवृत्ती फक्त वैयक्तिक वापरासाठी असते, आणि धंद्याचं काम चाललंय असा संशय आला की ती जोडणी काही मिनिटांत आपणहून तोडते. मग राउटर कितीही बदला, उपयोग नाही. तिथे परवाना विकत घेणं हाच उपाय.

तिसरी, तीही फुकट: मोबाइलचा हॉटस्पॉट

घरचं वाय-फाय बंद करा, फोनचा हॉटस्पॉट लावा आणि तासभर नेहमीसारखं काम करा. पडदाच पाठवायचा असल्यामुळे डेटा फार जात नाही.

हॉटस्पॉटवर तास न् तास टिकलं, तर टॅब आणि ऑफिस दोन्ही निर्दोष. दोष घरच्या वाय-फायमध्ये किंवा फायबरमध्ये आहे, पुढची तपासणी करा. हॉटस्पॉटवरही तसंच आणि तितक्याच मिनिटांनी तुटलं, तर राउटरला हात लावू नका, थेट ऑफिसच्या कॉम्प्युटरच्या भागावर जा. ही एक चाचणी केली असती तर नागपुरातले किती तरी राउटर विनाकारण बदलले गेले नसते.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. रिमोट कामाला १०० एमबीपीएस लागत नाहीत, ५ एमबीपीएसही बरेचदा पुरतात. लागतो तो नियमितपणा. स्पीड टेस्टमधला मोठा आकडा सोडून 'पिंग'चा, म्हणजे निरोप जाऊन परत यायला लागणाऱ्या मिलिसेकंदांचा आकडा बघा. तो ३० वरून ४०० वर आणि परत ३० वर उड्या मारत असेल तर सिनेमा नीट दिसेल, कारण सिनेमा पुढचा भाग आधीच साठवून ठेवतो. रिमोटमध्ये साठवण्यासारखं काही नसतं, तुम्ही आत्ता दाबलेलं बटण आत्ताच पोचावं लागतं. म्हणून "यूट्यूब तर मस्त चालते" हा पुरावा मी धरत नाही.

चौथी: वाय-फाय, आणि नागपुरात असाल तर कूलर

महालातल्या एका जुन्या घरात मार्चपर्यंत सगळं ठीक होतं. एप्रिल लागला आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी तुटायला लागलं. नेट कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला, राउटरही बदलला. मी गेलो तेव्हा राउटर समोरच्या खोलीत होता, काम मागच्या खोलीत, मध्ये चौक. भिंती दीड-दोन फूट जाडीच्या. मार्चपर्यंत सिग्नल समोरच्या खिडकीतून चौक ओलांडून मागच्या खिडकीतून आत येत होता. एप्रिलमध्ये त्याच मागच्या खिडकीला कूलर बसला. पत्र्याची बॉडी, आत पाण्याने भरलेली टाकी आणि तिन्ही बाजूंना ओल्या ताट्या. पत्रा रेडिओ लहरी परतवतो आणि पाणी त्या शोषतं. सिग्नलसाठी याहून पक्की भिंत शोधून सापडली नसती. टेबल दुसऱ्या खिडकीजवळ सरकवलं आणि त्रास गेला, एक पैसाही लागला नाही.

तेव्हा बघायच्या गोष्टी अशा. राउटर आणि टॅब यांच्यामध्ये कूलर, फ्रिज, लोखंडी कपाट, पाण्याची टाकी काय आहे? राउटर टीव्हीच्या मागे किंवा देवघराच्या कपाटात कोंबलेला आहे का? तो उघड्यावर, छातीच्या उंचीला आणा.

बहुतेक राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन पट्टे देतात. २.४ लांब पोचतो, पण त्यावर गर्दी असते. शेजारच्या दहा फ्लॅटचे राउटर, ब्लूटूथ, शिवाय मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात गोंगाट करतो. ५ वेगवान आहे, पण भिंत आली की दमतो. दोन्हींचं नाव एकच असेल तर टॅब या पट्ट्यावरून त्या पट्ट्यावर उड्या मारतो आणि त्या उडीत जोडणी तुटू शकते. राउटरच्या पानावर जाऊन दोघांना वेगळी नावं द्या. राउटर त्याच खोलीत असेल तर टॅब ५ वर ठेवा, मध्ये भिंती असतील तर २.४ वर. आणि दुसरं नाव टॅबला विसरायला लावा. २.४ वापरायचा तर चॅनेल १, ६ किंवा ११ यांतलाच घ्या, कारण तेवढेच तीन एकमेकांवर चढत नाहीत.

यानंतरही शंका उरली तर टाइप-सी टॅबसाठी लॅन ॲडॅप्टर मिळतो. सीताबर्डीच्या बाजारात हजार-दीड हजाराच्या आसपास मिळावा. राउटरपासून वायर आणून थेट टॅबला लावा. वायरवर टिकलं आणि वाय-फायवर तुटलं, तर वाद मिटला. माझ्या काही ग्राहकांनी ती वायर कायमची ठेवली आहे आणि त्यांचा फोन मला येत नाही.

वायरवरही तुटत असेल तर फायबरच्या डब्यावरचा दिवा बघा. तुटण्याच्या क्षणी 'लॉस'चा लाल दिवा लागला तर लाइन बाहेर कुठेतरी दुखावली आहे. आपल्याकडे सिमेंट रस्त्यांच्या आणि नाल्यांच्या खोदकामात केबल ओढली जाणं नवीन नाही. ते काम नेट कंपनीचं. तुमच्या कागदावरच्या वेळा त्यांना सांगा, म्हणजे 'आत्ता तर चालू आहे' म्हणून ते परत जाणार नाहीत.

पाचवी: लाइन जाते तेव्हा

टॅबला बॅटरी आहे म्हणून लाइन गेली तरी काम चालेल, असं वाटतं. पण राउटर आणि फायबरचा डबा बंद पडतो, टॅबमध्ये सिम असेल तर तो मुकाट्याने मोबाइल डेटावर जातो, त्याचा नेटवरचा पत्ता (आयपी) बदलतो आणि ऑफिसच्या बाजूला तो अनोळखी होतो. इन्व्हर्टर असलेल्या घरातही हे होतं, कारण घरगुती इन्व्हर्टर लाइन बदलताना क्षणभर मोकळा जातो. तेवढ्यात राउटर पुन्हा सुरू होतो आणि नेट यायला दोन-तीन मिनिटं लागतात.

राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, दीड-दोन हजारांच्या आसपास. घेताना राउटरच्या ॲडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर बघून घ्या. बहुतेक १२ व्होल्टचे असतात, पण सगळे नाही. आणि डबे दोन असतील तर दोघांनाही लावा. फक्त राउटरला लावून फायबरचा डबा तसाच सोडलेली घरं मी बरीच बघितली.

राउटर आणि कूलर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर असतील तर आजच वेगळे करा. कूलर सुरू करताना राउटरचा दिवा विझत असेल तर बोर्डात किंवा सॉकेटमध्ये लूज आहे. तिथे जळका वास किंवा ठिणगी दिसली तर हात लावू नका, मेन बंद करून इलेक्ट्रिशियन बोलवा.

सहावी: ऊन

नागपुरात २३ मे २०१३ ला ४७.९ अंशांची नोंद झाली होती. तेवढं रोज नसतं, पण मे महिन्यात ४४-४५ आपल्याला नवीन नाही, आणि वरच्या मजल्यावर स्लॅबखालच्या खोलीत दुपारी काय होतं ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. ॲपल आयपॅडसाठी भोवतालचं तापमान ० ते ३५ अंश सांगते. त्यापुढे टॅब आपला जीव वाचवतो: उजेड कमी करतो, चार्जिंग थांबवतो, प्रोसेसर मंद करतो. त्या मंदपणात रिमोटचं चित्र अडखळतं आणि मग तुटतं.

दुपारी खालच्या मजल्यावर बसा, टॅबचं जाड कव्हर काढा, चार्जर लावून काम करत असाल तर बॅटरी आधीच भरून घ्या. टॅब स्टँडवर उभा ठेवा, गादीवर किंवा उशीवर नको. कूलरची हवा खोलीत असू द्या, पण झोत थेट टॅबवर घेऊ नका, ओलावा चार्जिंगच्या भोकात जातो. आणि गरम टॅब फ्रिजमध्ये ठेवू नका. आत दव धरतं आणि बोर्ड जातो. मी असे दोन टॅब बघितले आहेत, दोन्ही वाचले नाहीत.

सातवी: ऑफिसचा कॉम्प्युटर

इतवारीतल्या एका पेढीच्या मुनीमजींचं रोज रात्री आठला तुटायचं. हॉटस्पॉटवरही तसंच. दुकान बंद करताना पोऱ्या मेन स्विच पाडत होता. यूपीएस काही मिनिटं ओढायचा आणि मग कॉम्प्युटर बंद. त्या पोऱ्याची काही चूक नव्हती, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. कॉम्प्युटरचा स्विच वेगळा काढून त्यावर मराठीत चिठ्ठी लावली: 'हे बटण बंद करू नये, घरून काम चालू असते.'

ऑफिसात जाऊन हे बघा. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये 'स्लीप' हे 'नेव्हर' आहे का? फक्त पडदा बंद झाला तर चालतो. लाइन जाऊन आल्यावर कॉम्प्युटर आपोआप सुरू होतो का? नसेल तर बायोसमध्ये त्याची सेटिंग असते, ती कॉम्प्युटरवाल्याकडून लावून घ्या. विंडोजचा अपडेट कामाच्या वेळेत रीस्टार्ट करतो का? 'ॲक्टिव्ह अवर्स'मध्ये घरून काम करायच्या वेळाही धरा.

तुमच्याच नावाने ऑफिसात कोणी लॉगिन करतं का, हेही विचारा. साध्या विंडोजमध्ये एका वेळी एकच माणूस बसू शकतो. तिकडे कोणी बिल छापायला तुमच्या नावाने आत गेलं की इकडे तुम्ही बाहेर फेकले जाता. आणि विंडोजचं स्वतःचं रिमोट डेस्कटॉप वापरायचं असेल तर ऑफिसच्या कॉम्प्युटरवर 'प्रो' आवृत्ती लागते. 'होम' आवृत्तीत बाहेरून आत येऊ देण्याची सोय नाही, तिथे कितीही प्रयत्न केला तरी जमणार नाही.

आठवी: व्हीपीएन

इथून पुढे सेटिंग्ज ऑफिसच्या हातात असतात. पण काय होतं आहे ते कळलं तर त्यांना नेमकं सांगता येतं.

व्हीपीएन जोडलं जातं, तरी ऑफिसचं काहीच सापडत नाही, आणि हॉटस्पॉटवर मात्र सगळं नीट चालतं? मग घरचे आणि ऑफिसचे पत्ते सारखे असण्याची शक्यता मोठी आहे. बऱ्याच राउटरचा पत्ता कारखान्यातूनच १९२.१६८.१.१ असतो. घरीही तोच, ऑफिसातही तोच. टॅबला ऑफिसचा १९२.१६८.१.५० शोधायला सांगितलं की तो तुमच्या घरातच शोधत बसतो. घरच्या राउटरचा पत्ता १९२.१६८.५७.१ असा काहीतरी वेगळा करायचा. घरात प्रिंटर किंवा कॅमेरे असतील तर त्यांचेही पत्ते बदलावे लागतील, म्हणून हे संध्याकाळी निवांतपणे करा, मुदतीच्या दिवशी नको.

घरच्या फायबरवर लॉगिन होतं पण पडदा काळाच राहतो, आणि हॉटस्पॉटवर चित्र येतं? मग 'एमटीयू' (डेटाचं एक पाकीट जास्तीत जास्त केवढं असू शकतं तो आकडा) हा शब्द ऑफिसच्या आयटीवाल्याला सांगा. साध्या नेटवर्कवर १५०० बाइटचं पाकीट जातं, पीपीपीओई पद्धतीच्या लाइनवर १४९२ चं, आणि व्हीपीएन त्या पाकिटात आपलं आवरण घालतं. छोटी पाकिटं पोचतात म्हणून लॉगिन होतं, चित्राची मोठी पाकिटं अडकतात.

काम थांबवून फोनवर बोललात आणि तेवढ्यात तुटलं, असं असेल तर मधल्या राउटरने शांत जोडणी विसरून टाकली आहे. यावर उपाय 'कीप-अलाइव्ह'. वायरगार्ड हा व्हीपीएन वापरत असाल तर २५ सेकंदांचा आकडा प्रचलित आहे, म्हणजे दर २५ सेकंदांनी टॅब 'मी आहे' असा छोटा निरोप पाठवत राहतो. आणि ठीक आठ किंवा बारा तासांनी तुटत असेल तर ती ऑफिसने सुरक्षेसाठी लावलेली मुदत आहे, ती काढायला सांगू नका.

अँड्रॉइडवर जाहिराती अडवायला 'प्रायव्हेट डीएनएस' लावला असेल तर तोही काढून बघा. ऑफिसातली आतली नावं त्याला ठाऊक नसतात.

कुठे थांबायचं

टॅबची मागची बाजू फुगली असेल, पडदा कडेने उचलला असेल, तर पुढची एकही तपासणी करू नका. चार्जर काढा, टॅब बंद करा आणि सर्व्हिस सेंटरला न्या. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते.

राउटरमध्ये ३३८९ हा पोर्ट (विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचा दरवाजा) उघडून थेट ऑफिसचा कॉम्प्युटर इंटरनेटवर ठेवा, असं कोणी सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा. तुटणं थांबेलही, पण उघडे ३३८९ शोधणारे प्रोग्राम रात्रंदिवस फिरत असतात आणि एका सकाळी टॅलीचा सगळा डेटा कुलूपबंद सापडतो. ऑफिसला व्हीपीएन नसेल तर तो नेटवर्कच्या जाणकाराकडून बसवून घ्या. ते काम शिकत शिकत करायचं नाही.

तुम्ही न बोलावता फोन करून 'मी दुरुस्त करतो, हे रिमोट ॲप टाका आणि नंबर सांगा' म्हणणारा कोणीही असो, फोन ठेवा. त्यातून खात्यातले पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा. जितकी लवकर कराल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

ऑफिसने दिलेल्या टॅबवर सेटिंग बदलता येत नसतील, तर त्या ऑफिसनेच बंद केल्या आहेत. त्या खोलण्याच्या खटपटीत पडू नका, आयटी विभागाला फोन करा. फायबरचा लाल दिवा नेट कंपनीचा, सॉकेटमधली ठिणगी इलेक्ट्रिशियनची, व्हीपीएनच्या सर्व्हरमधला आकडा ऑफिसच्या आयटीवाल्याचा.

आणि ज्याला कोणाला बोलवाल, त्याला फोनवरच चार गोष्टी सांगा: किती मिनिटांनी तुटतं, हॉटस्पॉटवर तुटतं की नाही, वायरवर तुटतं की नाही, आणि तुटलं तेव्हा पडद्यावर इंग्रजीत नेमकं काय लिहून आलं. त्या ओळीचा फोनने फोटो काढून ठेवा. टॅबवर स्क्रीनशॉट काढायला गेलात तर तेवढ्यात ती ओळ निघून जाते.